विहिरीतला सुरुंग आणि रणगाड्याचे चिलखत

बीड जिल्ह्यात उन्हाळा लागला की विहिरींची कामे सुरू होतात. आष्टी, पाटोदा, धारूर, केज, कुठेही जा; एखाद्या शेतात यारी उभी असते आणि खालून दगडांनी भरलेली बादली वर येत असते. पहिले काही हात माती आणि मुरूम लागतो. तो कुदळीने, पहारीने निघतो. मग काळा पाषाण लागतो आणि पहार नुसती खणखणू लागते. आता सुरुंगाशिवाय गत्यंतर नाही.

सुरुंग उडवताना तुम्ही पाहिले असेल. आधी खडकात खोल, अरुंद भोके पाडतात. त्यात जिलेटिनच्या कांड्या सोडतात, वरून माती ठासून भरतात, माणसे दूर पळतात आणि मग ‘धडाम्’! पण एक प्रश्न कधी मनात आला का? एवढ्या मेहनतीने भोक पाडायचे कशाला? कांडी खडकावर नुसती ठेवून उडवली तर काय बिघडते?

बिघडते एवढेच, की आवाज मोठा होतो आणि खडक जागच्या जागी राहतो. स्फोटातून निर्माण होणारा वायू सर्व दिशांना पसरू पाहतो आणि जिकडे अडथळा कमी तिकडे जातो. उघड्यावरच्या कांडीची बहुतेक शक्ती हवेत उडून जाते. भोकात कोंडलेल्या कांडीला मात्र खडक फोडल्यावाचून वाट नसते. म्हणजे दारू किती आहे यापेक्षा तिची शक्ती कोणत्या दिशेने जाते, हे महत्त्वाचे!

आता अशी कल्पना करा, की तुमच्यासमोर खडक नाही, रणगाडा आहे. त्याचे पोलादी चिलखत काळ्या पाषाणापेक्षा कितीतरी चिवट. त्यात भोक पाडायला तो तुम्हाला वेळ देणार नाही, कारण तो चालतो आहे आणि तुमच्यावर गोळ्या झाडतो आहे. तुमच्याजवळ आहे खांद्यावर मावेल एवढी एक नळी. तिच्यातून सुटलेल्या दोन-अडीच किलोच्या गोळ्याने ते पोलाद भेदायचे कसे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना पदार्थविज्ञानातले दोन सुंदर नियम कामाला आले. त्यांचीच ही कथा.

पोलादी किल्ला चालू लागला

१५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समधील सोमच्या रणभूमीवर ब्रिटिशांनी पहिल्यांदा रणगाडे आणले. खंदकांत बसलेल्या जर्मन शिपायांच्या बंदुकांच्या गोळ्या त्यांच्यावर आपटून खाली पडत. १९१८ मध्ये जर्मनांनी रणगाड्यासाठी म्हणून एक भली मोठी बंदूक तयार केली. तिची गोळी १३ मिलिमीटर जाडीची होती. पण बंदूक इतकी जड आणि तिचा धक्का इतका जबर, की ती चालवणाऱ्याचा खांदा शेकून निघे. रणगाड्यांचे चिलखत जसजसे जाड होत गेले तसतशी ही वाट बंद झाली. चिलखत दुप्पट जाड करायला रणगाड्याला मोठे इंजिन पुरते. माणसाचा खांदा काही दुप्पट होत नाही.

हे पोलाद किती जाड असते ते डोळ्यांनी पाहायचे असेल तर फार लांब जायला नको. शेजारच्या अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, लष्कराचे चिलखती दलाचे शिक्षणकेंद्र आहे. तेथेच १९९४ मध्ये रणगाड्यांचे संग्रहालय सुरू झाले. सप्टेंबर २०२५ पासून बीडहून अहिल्यानगरला रेल्वेही जाऊ लागली आहे, तेव्हा शाळेची सहल काढायला हरकत नाही. तेथे १९६५ च्या युद्धात पाकिस्तानकडून हस्तगत केलेला पॅटन रणगाडा आहे. वजन सुमारे ४५ टन, म्हणजे चाळीसहून अधिक मोटारगाड्यांइतके. त्याच्या पुढच्या पत्र्याला ‘पत्रा’ म्हणणेही चूक. तो सुमारे ११ सेंटिमीटर जाड, शिवाय तिरका बसवलेला.

पाण्याची चिळकांडी

आता पहिला नियम. तुमच्यापैकी जे विहिरीत पोहतात त्यांना एक खेळ ठाऊक असेल. पाण्यात दोन्ही तळहात एकमेकांसमोर धरून झटकन मिटायचे. तळहातांच्या फटीतून पाण्याची बारीक चिळकांडी दूरवर उडते. हात तर हळूच मिटले, मग पाणी एवढ्या वेगाने का उडाले? दोन बाजूंनी दाबलेल्या पाण्याला एकच अरुंद वाट उरली, म्हणून ते हातांपेक्षा कितीतरी वेगाने त्या वाटेने निसटले.

हा खेळ दारूगोळ्याच्या बाबतीतही घडतो याची चाहूल फार पूर्वी लागली होती. फ्रान्झ फॉन बाडर या जर्मन खाण अभियंत्याने १७९२ मध्ये सुरुंगाच्या दारूच्या टोकाशी शंकूसारखी पोकळी ठेवावी, असे सुचवले होते. पुढे १८८८ मध्ये चार्ल्स मन्रो या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाला एक गंमत दिसली. नौदलासाठी बनवलेल्या स्फोटकाच्या वड्यांवर अक्षरे खोदलेली होती. वडी पोलादी तुकड्यावर ठेवून उडवली, तेव्हा तीच अक्षरे पोलादावर खोल उमटली! अक्षरांच्या जागी तर स्फोटक कमी होते. कमी स्फोटक असलेल्या जागी खूण अधिक खोल, हे कसे?

पोकळीच्या सर्व बाजूंनी निघालेले वायू मधल्या रेषेवर येऊन आदळतात आणि त्यांची धार होऊन पुढे सरते. अगदी तुमच्या तळहातांतील पाण्यासारखी. पुढे संशोधकांनी या पोकळीला धातूचे, बहुधा तांब्याचे, पातळ अस्तर लावले आणि परिणाम अनेक पटींनी वाढला. स्फोट होताच तांब्याचा शंकू मधल्या रेषेवर चेपला जातो आणि त्यातून तांब्याची एक बारीक धार निघते. या धारेच्या टोकाचा वेग सेकंदाला आठ ते दहा किलोमीटर असतो! या वेगाने बीडहून अहिल्यानगर गाठायला पंधरा सेकंदही लागणार नाहीत. अशा गोळ्याला ‘पोकळ स्फोटकाचा गोळा’ म्हणतात.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘ही धार पोलाद वितळवून आरपार जाते’ असे अनेक ठिकाणी छापलेले आढळते. ते बरोबर नाही. धारेचे तापमान तांब्याच्या वितळणबिंदूपेक्षा, म्हणजे १०८५ अंश सेल्सियसपेक्षा, कमीच असते आणि पोलाद वितळायला तर तेवढा वेळही मिळत नाही. खरे कारण आहे दाब. धार जेथे आदळते तेथे वातावरणाच्या दाबाच्या लाखो पट दाब निर्माण होतो. एवढ्या दाबाखाली घन पोलाद चिखलासारखे बाजूला सरते. नळीच्या पाण्याच्या धारेने ओल्या मातीत भोक पडते ना, तसेच. बर्कहॉफ, टेलर आदी शास्त्रज्ञांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात द्रवांचे नियम लावूनच या धारेचे गणित मांडले.

त्या गणितातून एक विलक्षण गोष्ट निघते. भोक किती खोल पडेल हे मुख्यतः धारेची लांबी आणि दोन्ही धातूंची घनता यांवर ठरते. गोळा किती वेगाने येऊन आदळला याला जवळजवळ महत्त्व नाही! तोफेच्या साध्या गोळ्याला भेदण्यासाठी प्रचंड वेग लागतो आणि त्यासाठी लांब, जड नळी लागते. पोकळ स्फोटकाच्या गोळ्याला ती लागत नाही. तो हळू आला तरी चालतो. म्हणूनच तो माणसाच्या खांद्यावरून सोडता येतो. खांद्यावरच्या शस्त्राचे सगळे मर्म या एका वाक्यात आहे.

करून पाहा

परातीत चार बोटे पाणी घ्या. पाणी स्थिर झाल्यावर फूट-दीड फुटावरून त्यात एक मोठा थेंब सोडा आणि डोळे पाण्याच्या पातळीला आणून पाहा. प्रथम पाण्यात वाटीसारखा खळगा पडतो. खळगा मिटतो त्या क्षणी मधोमध पाण्याचा बारीक खांब वर उसळतो. पोकळी मिटताना धार कशी जन्मते, हे तुम्ही घरबसल्या आणि कोणताही धोका न पत्करता पाहू शकता. पाण्यात थोडी शाई टाकलीत तर आणखी छान दिसेल.

खांद्याला धक्का का बसत नाही?

दुसरा नियम तुमच्या पाठ्यपुस्तकातला आहे: न्यूटनचा गतिविषयक तिसरा नियम. क्रिया तेथे प्रतिक्रिया. थोडे गणित करू.

बंदुकीची गोळी १० ग्रॅमची आणि वेग सेकंदाला ८०० मीटर धरा. वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग. तो झाला ८ एकक. एवढाच संवेग उलट दिशेने खांद्याला मिळतो आणि आपण ‘धक्का बसला’ म्हणतो. आता अडीच किलोचा गोळा सेकंदाला २५० मीटर वेगाने सोडायचा आहे. संवेग झाला ६२५ एकक, म्हणजे बंदुकीच्या जवळजवळ ऐंशी पट! नळी १४ किलोची आणि शिपाई ७० किलोचा धरला, तर दोघे मिळून ८४ किलो. ६२५ ला ८४ ने भागा. शिपाई नळीसकट सेकंदाला साडेसात मीटर, म्हणजे ताशी २७ किलोमीटर वेगाने मागे फेकला जाईल. खांद्याचे काय होईल ते सांगायला नको.

यातून दोन वाटा निघाल्या. पहिली म्हणजे धक्का न देणारी तोफ. हिची नळी मागूनही उघडी असते. गोळा पुढे जातो तेव्हा तप्त वायू तितकाच संवेग घेऊन मागे जातात. अर्धा किलो वायू सेकंदाला १२५० मीटर वेगाने मागे गेला, तर संवेग तोच ६२५. हिशेब फिटला आणि खांदा सुटला. स्वीडनमध्ये १९४८ साली वापरात आलेली ८४ मिलिमीटरची ‘कार्ल गुस्ताफ’ ही अशीच तोफ. भारतीय पायदळ १९७६ पासून ती वापरते. तिची पूर्वीची आवृत्ती १४ किलोंची होती. नव्या पदार्थांमुळे आताची सात किलोंहून हलकी झाली आहे.

दुसरी वाट अग्निबाणाची. दिवाळीतला बाण बाटलीला धक्का न देता उडतो, कारण तो आपली दारू आपल्याबरोबर नेतो. १९४२ मध्ये अमेरिकेने पोकळ स्फोटक आणि अग्निबाण यांची जोडी जमवली आणि ‘बाझूका’ जन्मला. बाझूका हे नाव एका विनोदी नटाच्या वाद्यावरून पडले. नळी साधी, दोन्ही टोकांना उघडी. वजन सहा किलोंच्या आसपास. १९६१ मध्ये सोव्हिएत सैन्यात आलेल्या ‘आरपीजी-७’ मध्ये दोन्ही वाटा एकत्र आल्या. आधी थोडी दारू गोळ्याला नळीतून बाहेर ढकलते आणि शिपायापासून दहा-अकरा मीटर दूर गेल्यावर अग्निबाण पेटतो, म्हणजे त्याचे तोंड भाजत नाही.

पण निसर्ग फुकट काही देत नाही. खांद्याला न बसलेला धक्का मागे ज्वाळेच्या रूपाने जातो. नळीच्या मागे उभा असलेला माणूस जबर जखमी होऊ शकतो. बंद खोलीतून ही जुनी शस्त्रे चालवली तर भिंतीवरून परतणारा वायू चालवणाऱ्यालाच घायाळ करतो. आवाज कानाचे पडदे फाडण्याइतका असतो. शिवाय धूर आणि धूळ उडून शिपाई कोठे आहे हे शत्रूला तत्काळ कळते.

तीस यार्डांवरून

आता या शस्त्राची खरी किंमत सांगतो. ही किंमत म्हणजे अंतर. हळू जाणारा गोळा लांबवर नेमका लागत नाही. म्हणून नळी घेतलेल्या शिपायाला रणगाड्याच्या जवळ जावेच लागते.

१२ जून १९४४ रोजी मणिपूरमधील निंगथौखोंग गावाजवळ जपानी रणगाडे पुढे सरकत होते. गुरखा पलटणीतील गंजू लामा हा एकोणीस वर्षांचा शिपाई ‘पिआट’ नावाचे ब्रिटिश शस्त्र घेऊन त्यांच्याकडे सरपटत निघाला. हे शस्त्र चौदा किलोंहून जड होते. वाटेत त्याचे डावे मनगट मोडले, उजव्या हाताला आणि पायाला जखमा झाल्या. तरीही तो रणगाड्यांपासून तीस यार्डांच्या आत पोचला आणि त्याने एकापाठोपाठ दोन रणगाडे निकामी केले. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तीस यार्ड म्हणजे किती? तुमच्या शाळेच्या मैदानात सत्तावीस-अठ्ठावीस मीटर मोजा आणि तेथे उभे राहून पाहा.

१९६५ च्या सप्टेंबरात खेमकरण विभागात हवालदार अब्दुल हमीद यांनी १०६ मिलिमीटरच्या धक्कारहित तोफेने पॅटन रणगाडे एकामागून एक निकामी केले. ही तोफ दोनशे किलोंहून जड असल्याने खांद्यावर नव्हे, जीपवर बसवलेली होती; पण तत्त्व तेच. जीपला चिलखत नसते. १० सप्टेंबरला ते धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. त्याच लढाईत आपल्या बाजूचे रणगाडेही लढत होते. त्यांपैकी डेक्कन हॉर्स या रिसाल्याचे नेतृत्व अरुणकुमार वैद्य करीत होते, जे पुढे भारताचे लष्करप्रमुख झाले. अहिल्यानगरचा पॅटन पाहाल तेव्हा ही दोन्ही नावे आठवा.

चिलखताचे उत्तर, आणि त्याचे उत्तर

१९७३ च्या ऑक्टोबरात सिनाईच्या वाळवंटात इजिप्तच्या पायदळाने आरपीजी-७ आणि तारेने नियंत्रित होणारी ‘माल्युत्का’ क्षेपणास्त्रे वापरून इस्राएलचे रणगाड्यांचे हल्ले परतवले. ‘रणगाड्याचे दिवस संपले’, असे पुष्कळांनी लिहिले. पण चिलखत बनवणारेही स्वस्थ बसले नव्हते. १९८२ मध्ये लेबननच्या युद्धात इस्राएली रणगाड्यांवर पेट्या दिसू लागल्या. या पेटीत दोन पोलादी पत्र्यांमध्ये स्फोटकाचा थर असतो. तांब्याची धार आत शिरताच तो थर उडतो, पत्रे तिरके फेकले जातात आणि धार तुटून विस्कटते. स्फोटाने स्फोट रोखायचा! मग शस्त्रकारांनी गोळ्यात एकामागे एक दोन शंकू बसवले: पहिला पेटी उडवतो, दुसरा मोकळ्या झालेल्या जागेतून शिरतो. कोणी रणगाड्याभोवती गजांची जाळी लावली, गोळ्याचे नाक त्यात अडकून शंकू चेंबावा म्हणून.

अंतराचा प्रश्न क्षेपणास्त्रांनी सोडवला. माल्युत्का चालवणाऱ्याला ती हाताने वळवावी लागे. ‘मिलान’ हे क्षेपणास्त्र हैदराबादच्या भारत डायनामिक्स या कारखान्यात तयार झाले आहे. त्यात दुर्बिणीतली खूण लक्ष्यावर धरून ठेवली की पुरते. पण दोन किलोमीटरसाठी दहा-बारा सेकंद तशीच धरावी लागते, आणि समोरून गोळ्या येत असताना दहा सेकंद म्हणजे युग! तिसऱ्या पिढीचे क्षेपणास्त्र रणगाड्याच्या उष्णतेचे चित्र ओळखून स्वतःच मागे लागते. सोडणाऱ्याने लगेच आडोसा गाठावा. शिवाय ते वरून, जेथे चिलखत पातळ असते तेथे, झेप घेते. भारताच्या संरक्षण संशोधन संस्थेने बनवलेले, माणसाला वाहून नेता येईल असे क्षेपणास्त्र १५ आणि १६ सप्टेंबर २०१८ रोजी अहमदनगरच्याच चाचणी क्षेत्रावर उडवून पाहिले गेले. ते मात्र खांद्यावरून नव्हे, तिपाईवरून सुटते.

२०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धात अशाच शस्त्रांनी रशियाच्या रणगाड्यांची मोठी हानी केली आणि ‘रणगाडा संपला’ ही आरोळी पुन्हा उठली. रणगाडे मात्र आजही आहेत, जाळ्या आणि छपरे बांधून. कारण एकटा रणगाडा जसा असहाय, तसाच एकटा नळीवाला शिपाईही. आता तर पोकळ स्फोटकाचे गोळे छोट्या ड्रोनवर बांधून पाठवले जातात. नळी बदलली, खांदाही उरला नाही. चिळकांडी तीच आहे. आणि ती जेथे शिरते तेथे आत तीन-चार माणसे बसलेली असतात, हेही विसरता येत नाही.

पुन्हा विहिरीकडे

पोकळ स्फोटकाच्या शस्त्रांवर काम करणाऱ्यांत हेन्री मोहॉप्ट हे एक नाव ठळक होते. या स्वित्झर्लंडच्या अभियंत्याचे ज्ञान बाझूकाच्या गोळ्यात उतरले. युद्ध संपल्यावर ते कोठे गेले असतील? तेलविहिरींच्या कामाला! तेलविहिरीच्या आत पोलादी नळी आणि तिच्याभोवती सिमेंट असते. खडकातले तेल नळीत यायचे तर त्या पोलादाला भोके हवीत, तीही हजारो फूट खाली. तेथे कोण पहार घेऊन जाणार? छोटी छोटी पोकळ स्फोटके दोरखंडाने खाली सोडायची आणि उडवायची. तांब्याच्या धारा पोलाद, सिमेंट आणि खडक भेदून वाट करतात. १९७४ साली आपल्या समुद्रात मुंबई हायला तेल लागले. अशा तेलक्षेत्रांत आज हीच रीत जगभर वापरतात.

जाता जाता दोन गोष्टी मनावर घ्या. विहिरीच्या कामानंतर दगडांच्या ढिगात कधी कधी न उडालेली टोपी राहून जाते. ती चमकदार, इवलीशी नळी खेळण्यासारखी दिसते. पण हाताची बोटे आणि डोळे नेण्यास ती पुरेशी आहे. तिला हात लावू नका, ठोकू नका, मोठ्यांना सांगा. तसेच लष्कराच्या गोळीबाराच्या क्षेत्राजवळ पडलेले लोखंड भंगार म्हणून उचलू नका, दुसऱ्याला उचलू देऊ नका. न उडालेला गोळा वर्षानुवर्षे तसाच जिवंत असतो, आणि पोकळीतून धार कशी निघते हे तुम्हाला आता ठाऊक आहे.

पुढच्या वेळी विहिरीत उतराल तेव्हा तळहात मिटून चिळकांडी उडवा. ती हातांपेक्षा वेगाने का जाते, हे शेजारच्या मित्राला समजावून सांगता आले, तर हा लेख तुम्हाला समजला असे माना.